कारल्याचा मांडव: उभारणीपासून वेलाला वळण देण्यापर्यंत

कारल्याला मांडव करणारे शेतकरी भरपूर आहेत. पण मांडव उभा केला, सुतळ्या सोडल्या आणि वेल वर चढले की काम संपले असे अनेकजण धरून चालतात. पुढचे दोन महिने वेल मनाला येईल तसा पसरतो, छतावर पानांचा जाड थर बसतो, खाली अंधार होतो आणि अर्ध्या हंगामात कळी गळायला लागते. मांडवावरचा खर्च खरा वसूल होतो तो वेलाला दिलेल्या वळणातून. कोणती बगलफूट (पानाच्या बगलेतून निघणारी फूट) काढायची, कोणती राखायची, शेंडा कधी मारायचा आणि फुटी छताच्या जाळीतल्या कोणत्या खणात न्यायच्या, यावर एका वेलाची किती फळे हाती लागतील ते ठरते. म्हणून या लेखात उभारणीइतकीच जागा वळणाला दिली आहे.

हिशेब १० गुंठ्यांचा धरला आहे, साधारण १०० फूट बाय ११० फुटांचा तुकडा. तुमचा प्लॉट लांबट असेल तर परिघ वाढतो, त्याबरोबर डांब आणि त्यांना बाहेरून ओढून धरणारी ताणाची तारही वाढते. मधल्या जाळीत मात्र फारसा फरक पडत नाही.

सामान

कडेला १० फूट लांबीचे आणि बुडाशी ४ इंच जाडीचे लाकडी डांब लागतात. ते १६ फुटांवर एक असे लावले तर कोपरे धरून २६ ते २८ होतात. आतल्या टेकूंसाठी ८ फुटी बांबू, सुमारे १००. कडेची मुख्य तार ८ गेजची, १४ किलो (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड). ताणासाठी १० गेजची, ९ किलो. समोरासमोरच्या डांबांना जोडणारी १२ गेजची, १५ किलो. जाळी विणायला १६ गेजची, ५० किलोच्या आसपास. सगळी तार गॅल्व्हनाइज्डच घ्यावी. साधी तार एकाच पावसाळ्यात गंजते आणि गंजलेल्या खरखरीत तारेवर वेल घासून सोलला जातो. पैसे कमी असतील तर १६ गेजची तार एकाच दिशेने ओढून आडवी विण नायलॉन दोरीने करता येते. पण ८ आणि १० गेजमध्ये काटकसर करू नये, कारण सगळा भार शेवटी त्यांच्यावरच येतो.

याखेरीज दीड फूट लांबीचे ३० ते ३२ दगड, डांबर, तार ताणायचा पुलर, आणि रोपामागे ९ ते १० फूट सुतळी.

उभारणी

डांबाच्या खालच्या अडीच फुटांना डांबर लावून दोन दिवस वाळू द्यावे. खड्डा २ फूट खोल घ्यावा आणि डांब बाहेरच्या बाजूला कललेला बसवावा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. डांब सरळ उभा दिसायला छान दिसतो, पण तारा ताणल्या की तो आत झुकतो आणि वेलाचा भार आला की आणखी आत येतो. मग कितीही ताणा, छताला झोळ पडतोच. आधीच बाहेर कललेला डांब ताण आल्यावर आपली जागा धरून राहतो. खड्डा भरताना मातीबरोबर दगडगोटे घालून थराथराने कुटावे. नुसती माती लोटली तर पहिल्या मोठ्या पावसात डांब हलतो.

प्रत्येक डांबाला बाहेरून ताण द्यायचा. दगडाला १० गेजची तार दुहेरी गुंडाळावी, डांबाच्या बुडापासून साडेपाच फूट बाहेर २ फूट खोल खड्ड्यात तो आडवा पुरावा आणि वर माती ठोकून बसवावी. तारेचे दुसरे टोक जमिनीपासून साडेसहा फूट उंचीवर डांबाला बांधावे. तार आणि डांब यांच्यात साधारण ४५ अंशांचा कोन मिळतो. कोपऱ्यावरच्या डांबांना दोन्ही दिशांनी ओढ असते, म्हणून त्यांना दोन-दोन ताण द्यावेत. ताणासाठी प्लॉटच्या बाहेर ६ फूट जागा लागते. आखणी करतानाच ती सोडावी, नाहीतर दगड शेजाऱ्याच्या बांधात जातो.

आता ८ गेजची तार चारही बाजूंनी त्याच साडेसहा फुटांवर फिरवून पुलरने ताणावी. ती डांबावर खाली घसरू नये म्हणून लाकडाला बोटभर खाच पाडून त्यात बसवावी. त्यानंतर १२ गेजच्या तारा उभ्या-आडव्या ओढाव्यात. जिथे दोन तारा एकमेकींना छेदतात तिथे एक बांबू आणि दोन छेदांच्या मधोमध एक बांबू, म्हणजे दर आठ फुटांवर खालून टेकू येतो. शेवटी १६ गेजची तार दोन-दोन फुटांवर दोन्ही दिशांनी विणून दोन फुटी चौकोनी खण पाडावेत. त्याहून बारीक जाळीत फळे अडकतात, मोठ्या जाळीतून कोवळ्या फुटी खाली लोंबतात.

उंचीच्या बाबतीत तडजोड नको. साडेपाच फुटी मांडव स्वस्त पडतो, पण त्याखाली माणूस वाकून चालतो, फवारणी नीट होत नाही आणि हवा कोंडते. सात फुटांच्या वर गेले की तोडणाऱ्या बायकांचा हात पोचत नाही.

मांडव लागवडीआधीच पूर्ण करावा. रोपे उगवल्यावर आत खड्डे खणणे, तारा ओढणे सुरू झाले की रोपे तुडवली जातातच.

लागवड

खरिपात जून-जुलै, उन्हाळी पिकासाठी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. थंडीत बी उशिरा आणि विस्कळीत उगवते, त्यामुळे उन्हाळी लागवडीसाठी प्रो-ट्रेमध्ये (रोपांच्या खाचांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये) केलेली, दोन खऱ्या पानांवरची रोपे बरी पडतात. कारल्याच्या बियाचे कवच जाड असते. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, निथळून, किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळून लावावे. कंपनीने आधीच प्रक्रिया केलेले रंगीत बी असेल तर ते भिजवू नये.

वाण बाजार बघून निवडावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हिरकणी आणि फुले ग्रीन गोल्ड हे गडद हिरव्या काटेरी फळांचे वाण आहेत. कोकणासाठी दापोलीचा कोकण तारा आहे, त्याची फळे आखूड आणि दोन्ही टोकांना निमुळती. खाजगी संकरित वाणांत लांब पांढरट-हिरव्या फळांपासून आखूड काटेरीपर्यंत सगळे मिळते. ज्या मार्केटला माल जाणार तिथे कोणते कारले उचलले जाते हे आडत्याला विचारूनच बी घ्यावे.

दोन ओळींत ५ फूट आणि दोन रोपांत सव्वातीन फूट अंतर ठेवले की १० गुंठ्यांत ६६० च्या आसपास रोपे बसतात. ओळी दक्षिणोत्तर की पूर्वपश्चिम, हा प्रश्न ताटी पद्धतीत, म्हणजे वेल उभ्या भिंतीसारखा चढवतात तिथे, महत्त्वाचा आहे. आडव्या छताला ऊन वरून मिळते, त्यामुळे उताराच्या आणि ठिबकच्या सोयीने ओळी घ्याव्यात. गादीवाफा मात्र हवाच. कारल्याच्या मुळाशी पाणी साचले की वेल पिवळा पडतो आणि मर लागते.

खतांची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी आहे. १० गुंठ्यांना ती अशी बसते: लागवडीला २ टन कुजलेले शेणखत, ११ किलो डीएपी, साडेआठ किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणि साडेसहा किलो युरिया, उरलेला ११ किलो युरिया तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी निम्मा-निम्मा. माती परीक्षणाचा अहवाल असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करावे. युरियाचा हात सैल सोडू नये. नत्र वाढले की वेल काळाभोर माजतो, नर फुलांचा सडा पडतो, मादी कळी लांबते. अशा माजलेल्या वेलाला वळण देणेही अवघड होते, कारण आज काढलेली फूट चार दिवसांत परत तेवढीच वाढलेली असते.

जमिनीपासून छतापर्यंत: एकच खोड

वेल फूटभर झाला, म्हणजे हंगामानुसार लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांत, की सुतळी बांधावी. वरचे टोक ओळीच्या वर असलेल्या छताच्या तारेला सरकफासाने बांधावे, म्हणजे पुढे ढिली-घट्ट करता येते. खालचे टोक रोपाच्या खोडाला न बांधता रोपाशेजारी ठोकलेल्या छोट्या खुंटीला बांधावे. खोडालाच बांधायचे तर बोट जाईल एवढा सैल फास ठेवावा. खोड पुढे जाड होते आणि घट्ट फास त्यात रुततो. सुतळी तारेसारखी ताठ ओढली तर वाऱ्याने मांडव हलला की रोप मुळासकट वर ओढले जाते. हाताने दाबल्यावर तीन-चार बोटे हलेल एवढी ढील असावी.

आता पाच फूट उंचीपर्यंत फक्त मुख्य वेल ठेवायचा. पानाच्या बगलेतून येणारी प्रत्येक फूट दोन-तीन इंचांची असतानाच काढायची. वेल सुतळीला गुंडाळत न्यायचा आणि खालच्या भागातले तणावेही (वेल आधार धरतो ते दोऱ्यासारखे धागे) काढायचे, नाहीतर ते शेजारच्या वेलाला आणि स्वतःच्याच पानांना विळखा घालून गुंता करतात. दर तीन-चार दिवसांनी एक फेरी लागते. दहा दिवस फेरी चुकली तर बगलफुटी दीड-दीड फुटांच्या होतात. त्या काढताना खोडावर मोठी जखम होते आणि वेलाने त्या फुटीवर खर्च केलेली ताकद वाया जाते.

फूट काढायची पद्धत अशी: डाव्या हाताने खोड धरावे, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने फूट बुडाशी धरून बाजूला मोडावी. सरळ खाली ओढली तर खोडाची साल पट्टीसारखी सोलून निघते. बगलेतले पान तसेच राहू द्यावे, खोडाला खाऊ घालणारे तेच पान आहे. हे काम पानावरचे दव वाळल्यावर करावे. ओल्या पानांत हात घातला की रोग या वेलावरून त्या वेलावर जातो. कात्री वापरत असाल तर दर काही वेलांनंतर ती जंतुनाशकात बुडवावी. मोझॅकची (पाने चितकबरी करणाऱ्या विषाणूजन्य रोगाची) शंका असलेला वेल शेवटी हाताळावा.

तैवानच्या वर्ल्ड व्हेजिटेबल सेंटरच्या मार्गदर्शनातही पहिल्या १० पेऱ्यांवरच्या बगलफुटी काढल्याचा एकूण उत्पादनावर चांगला परिणाम होतो असेच सांगितले आहे. छाटणी न केलेल्या वेलावर बहुतेक मादी फुले दहाव्या ते चाळिसाव्या पेऱ्यापर्यंत येतात. म्हणजे खालच्या फुटी गेल्याने फळांचे फारसे नुकसान नाही. खालच्या पेऱ्यांवर एखादी मादी कळी दिसलीच तर तीही खुडावी. ते एक लवकरचे कारले बाजारात फार काही देत नाही, पण ऐन वाढीतला वेल तिथेच थबकवते.

छतावर: शेंडा आणि पसरण

पाच फुटांच्या वर आलेल्या बगलफुटी राखायला सुरुवात करावी. मुख्य वेल तारेच्या वर अर्धा-पाऊण फूट गेला की त्याचा शेंडा खुडावा. शेंडा असतो तोवर जोर सरळ वर जातो आणि खालच्या फुटी दबून राहतात. शेंडा गेला की आठवडाभरात त्या जोमाने निघतात. शेंडा वेळेआधी, म्हणजे चार फुटांवरच मारला तर फुटी छताच्या खाली सुटतात आणि त्यांना वर न्यायला प्रत्येकीला वेगळी सुतळी लागते.

राखायच्या फुटी चार ते सहा. पाच फुटी ओळीत प्रत्येक वेलाच्या वाट्याला ओळीच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट छत येते, म्हणून निम्म्या फुटी डावीकडे, निम्म्या उजवीकडे न्याव्यात. प्रत्येक फुटीला स्वतःचा खण द्यावा. दोन फुटी एकाच खणात घुसल्या तर एक उचलून शेजारच्या रिकाम्या खणात ठेवावी. सुरुवातीचे तीन आठवडे हे काम दर दोन-तीन दिवसांनी करावे लागते, कारण तणाव्याने एकदा तार धरली की फूट सोडवताना मोडते. तणावा कोवळा, सरळ असतानाच फूट हलवावी.

वेळ दुपारी चारनंतरची घ्यावी. सकाळी वेलात पाणी भरलेले असते, फूट काकडीसारखी कडक असते आणि वाकवली की कट्कन मोडते. दिवसभराच्या उन्हाने ती लवचिक होते. शिवाय कारल्याची फुले पहाटे-सकाळी उमलतात आणि परागीभवन दुपारच्या आत उरकते, त्यामुळे संध्याकाळी छत हलवल्याने सेटिंगला (फळ धरण्याला) धक्का लागत नाही.

फूट दोन ओळींच्या मध्यावर पोचली, की तिचाही शेंडा मारावा. त्यातून पुढच्या पिढीच्या फुटी निघतात आणि उरलेले खण भरतात. इथे थांबावे. व्हिडिओंमध्ये तिसऱ्या, चौथ्या पिढीपर्यंत शेंडे मारत राहण्याचा सल्ला दिसतो. कुंडीतल्या एखाद-दुसऱ्या वेलाला ते चालते. शेतात इतक्या दाट लागवडीत त्यातून पानांचा गठ्ठाच तयार होतो आणि कळी सावलीत येऊन गळते.

छत बरोबर भरले की नाही हे पाहायला भर दुपारी मांडवाखाली उभे राहून जमिनीकडे बघावे. सगळीकडे उन्हाचे छोटे-छोटे कवडसे सांडलेले दिसले की ठीक. जमीन पूर्ण काळोखी असेल तर छत जाड झाले आहे. अशा वेळी आतल्या, कळी नसलेल्या बारीक फुटी आणि पिवळी जुनी पाने काढावीत. एका वेळी वेलामागे तीन-चार पानांपेक्षा जास्त नको. एकदम उघडे पाडले तर एप्रिलच्या उन्हात फळांवर पांढरे चट्टे पडतात. याउलट जमिनीवर मोठे उन्हाचे पट्टे दिसत असतील तर शेजारच्या दाट खणातल्या फुटी तिकडे वळवाव्यात.

आणि एक काम जे जवळपास कोणी नेमाने करत नाही: फळ खाली काढणे. कळी बऱ्याचदा तारेच्या वरच्या अंगाला धरते. कारले करंगळीएवढे झाले की ते खणातून अलगद खाली सोडावे. तारेवर आडवे पडलेले फळ वाढताना वाकते आणि जिथे तार टेकते तिथे काटे चिरडून पांढरा वळ उमटतो. असे फळ प्रतवारीत खाली जाते. लोंबते फळ स्वतःच्या वजनाने सरळ वाढते आणि त्याचा रंगही सर्व बाजूंनी सारखा येतो.

काय बिघडते आणि का

वाकडी फळे दिसली की लगेच बोरॉनची पुडी आणली जाते. आधी फळ कापून बघावे. आत अळी किंवा डंखाची खूण असेल तर ती फळमाशी आहे. बी एकाच बाजूला भरले असेल तर परागीभवन अपुरे झाले आहे, म्हणजे मधमाशा कमी आहेत किंवा सकाळी फवारणी झाली आहे. आणि फळावर तारेचा वळ असेल तर उत्तर वरच्या परिच्छेदातच आहे. ही तीन कारणे वगळल्यावर अन्नद्रव्यांचा विचार करावा.

फळमाशीसाठी एकरी ५ या हिशेबाने १० गुंठ्यांना क्यू-ल्युरचे (नर फळमाशीला ओढणाऱ्या गंधाचे) दोन सापळे कळी लागण्याआधीच, छताच्या थोडे खाली टांगावेत आणि ल्युर दीड-दोन महिन्यांनी बदलावे. सापळ्यात फक्त नर अडकतात. त्यामुळे डंखलेली आणि गळलेली फळे रोज वेचून दोन फूट खोल पुरली नाहीत तर सापळ्यांचा उपयोग निम्म्यावर येतो.

केवडा (डाउनी मिल्ड्यू) हा पानांचा रोग पावसाळ्यात कोंदट छतावर येतो. पानाच्या वर शिरांनी अडवलेले पिवळे कोनाकार ठिपके, खाली करडी-जांभळट बुरशी. बुरशी पानाच्या खालच्या अंगाला असल्याने नोझल वर करून मांडवाखालून फवारावे लागते. वरून मारलेले औषध वरच्या थरातच राहते. औषध लेबलवर कारल्यासाठी शिफारस असलेलेच घ्यावे, तोडणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ पाळावा आणि फवारणी संध्याकाळी, मधमाशा गेल्यावर करावी.

छताला मध्येच झोळ आला तर तारा ओढण्याच्या नादी लागू नये, वेल तुटतात. खालून एक बांबू सरकवून छत उचलावे आणि मग त्या बाजूचा ताण तपासावा. बहुतेक वेळा ओल्या मातीत दगड वर सरकलेला असतो. मोठ्या पावसानंतर सगळ्या ताणांवरून एक फेरी मारणे, एवढ्याने मांडव आडवा होण्याचे संकट टळते.

तोडणी आणि नंतर

लागवडीपासून साधारण ५५ ते ६० दिवसांत पहिला तोडा येतो. परागीभवनानंतर १२ ते १५ दिवसांचे, बी कोवळे असलेले फळ तोडावे. तोडा दर तीन दिवसांनी, देठ थोडा ठेवून, कात्रीने. फळ पिरगळून ओढले तर त्याबरोबर फूट खाली येते आणि महिनाभर केलेली मांडणी विस्कटते. पानाआड राहून पिवळे पडू लागलेले कारले दिसले की लगेच काढावे. वेल त्यातले बी पिकवायला लागला की नवी कळी कमी होते.

पीक संपल्यावर वेल बुडाशी कापून आठ-दहा दिवस छतावरच वाळू द्यावेत. हिरवे वेल ओढले तर तणावे तारा वाकवतात, वाळलेले हाताने चुरा होऊन सुटतात. रोगट अवशेष मांडवाखाली कुजवू नयेत. त्याच मांडवावर पुढच्या हंगामात दोडका किंवा दुधी घेण्याचा मोह होतो, पण मुळांवर सूत्रकृमीच्या (मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींच्या) गाठी दिसल्या असतील तर वेलवर्गीय पीक लागोपाठ घेऊ नये. मध्ये झेंडू घेऊन एक हंगाम सोडावा. तेवढ्या काळात तारा ढिल्या करून ठेवाव्यात आणि डांबांच्या बुडाशी माती उकरून लाकूड कुजले आहे का ते बघावे. कुजलेला डांब रिकाम्या मांडवात तासाभरात बदलता येतो.